मुलींचा खो-खो संघ सुरू करायचाय? पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि चषक उंचावला तो कर्णधार प्रियांका इंगळेने, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या मुलीने. तेव्हापासून एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो: आमच्या गावात मुलींचा संघ काढायचा तर सुरुवात कुठून करायची? विचारणारे कधी जिल्हा परिषद शाळेतले सर असतात, कधी अंगणवाडीताई, कधी बचत गटातली एखादी बाई, तर कधी कॉलेजात खो-खो खेळलेली आणि आता सासरी नांदणारी सून. त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. मुलींना खेळाची आवड लावावी लागत नाही. पाचवी-सहावीपर्यंत त्या लंगडी, लगोरी, पकडापकडी मनसोक्त खेळतात. सातवी-आठवीनंतर मैदानावरून दिसेनाशा होतात. का, ते शोधायला गेलात तर कारणं घरी परतायच्या वाटेवर सापडतील, घरातल्या कामांत सापडतील, कपड्यांत सापडतील आणि मैदान कोणाच्या ताब्यात आहे यात सापडतील. ही कारणं दूर केल्याशिवाय नुसतं कौशल्य शिकवायला घेतलं, तर दिवाळीनंतर मैदानावर तुम्ही आणि तुमची शिट्टी एवढंच उरतं. म्हणून या लेखातला बराच भाग खेळाच्या आधीच्या कामांचा आहे.

खेळ निवडताना

मी खो-खो सुचवते, आणि तो केवळ आपला खेळ आहे म्हणून नाही. सुमारे २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा, दोन खुंट आणि चुन्याची पिशवी एवढ्यावर तो सुरू होतो. बॅट, नेट, बूट काही लागत नाही. एका संघात बारा मुली असतात आणि नऊ मैदानात उतरतात, त्यामुळे पंचवीस मुली आल्या तर सगळ्यांना काम मिळतं. उंच, बुटकी, काटक, जाड, प्रत्येकीला त्यात जागा आहे. जी जोरात पळू शकत नाही ती नेमका खो देण्यात तरबेज होऊ शकते. शिवाय कबड्डीसारखी अंगाला अंग भिडत नाही, त्यामुळे सुरुवातीला घरच्यांचा विरोधही कमी होतो.

गावात कबड्डीची जुनी परंपरा असेल तर तीच धरा. महिलांचं कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटर, म्हणजे पुरुषांच्या मैदानापेक्षा लहान असतं, आणि शाळेच्या पटांगणात सहज बसतं. डोंगराळ भाग असेल तर धावण्यापासून सुरुवात करा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं ते अशाच वाटा तुडवून. एक खेळ पुढे दुसऱ्या खेळाचं दार उघडतो, हेही ध्यानात असू द्या. माण तालुक्यातली ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली.

जागा, वेळ आणि घरी जायची वाट

सगळ्यात आधी एक आठवडा नुसतं बघा. पटांगणावर सकाळी कोण असतं, संध्याकाळी कोण असतं, कट्ट्यावर कोण बसतं, शौचालयाला कडी आहे का, नळाला पाणी येतं का. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी मुलांचं क्रिकेट रंगलेलं असतं आणि "पोरी एका कडेला खेळू देत की" असं कोणीतरी म्हणतं. कडेला खेळायचं कबूल करू नका. कडेला खेळणाऱ्या संघाला पहिल्याच पावसात किंवा पहिल्याच टूर्नामेंटला जागा सोडावी लागते. आठवड्यातले तीन दिवस, ठरलेली वेळ, पूर्ण मैदान, असं मुख्याध्यापकांकडून किंवा ग्रामपंचायतीकडून कागदावर घ्या. मुलांच्या कॅप्टनशीही बसून बोला. त्यांना दिवस वाटून दिले की बहुतेक वेळा ऐकतात, आणि त्यांच्यातले एक-दोघे मैदान आखायलाही येतात.

आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. अनेक गावांत ती सहीपुरती होते. तिथे जाऊन मुलींच्या मैदानाचा विषय मांडा आणि ठरावात लिहून घ्या. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. खुंट, चुना, प्रथमोपचार पेटी, शौचालयाची कडी यांसाठी त्यातून मागणी करता येते. ठराव हातात असला की ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) जाताना आवाज आपोआप ठाम होतो.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा सूर्याकडे बघा. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारायला लागतं. पाचला शाळा सुटणार, सव्वापाचला सराव सुरू होणार आणि वस्तीवरच्या मुली दोन किलोमीटर चालत जाणार असतील, तर तुमचा सराव पावणेसहालाच संपला पाहिजे. तेवढ्यात होत नसेल तर सकाळचा सराव ठेवा किंवा शाळेच्या तासिकेतला वेळ मागून घ्या. एका वाटेने जाणाऱ्या मुलींचे गट करा. प्रत्येक गटात एक मोठी मुलगी असावी, आणि शेवटच्या घरी पोचली की तिने कोणाच्या तरी मोबाइलवरून "पोचलो" एवढं कळवावं. ही साधी सवय लागली की आयांची निम्मी काळजी मिटते.

घरी जाऊन बोलणं

हे टाळू नका. शाळेच्या वहीत चिठ्ठी पाठवून काम होत नाही. संघात यायला तयार असलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी एकदा तरी जायचंच. जाताना एकटे पुरुष शिक्षक असतील तर सोबत एखादी ताई, मॅडम किंवा आशाताई घ्या.

बहुतेक घरांत बोलणं असं चालतं. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत असतात, भाऊ ओट्यावर, आजी कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली. तुम्ही सांगता, भाऊ ऐकतात, मान डोलावतात, म्हणतात, "खेळू द्या की, आमची काही ना नाही." तुम्ही खूश होऊन निघता आणि मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही. कारण संध्याकाळी पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार, भांडी कोण घासणार, याचं उत्तर वहिनींना द्यायचं असतं आणि त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून परवानगी भाऊंकडून घ्या, पण वेळापत्रक वहिनींशी बोलून ठरवा. "वहिनी, आठवड्यातले तीन दिवस ही पावणेसहापर्यंत लागेल. त्या दिवशीचं पाणी सकाळी भरून होईल का?" इतकं उघड विचारा. घरात मुलीचा भाऊ असेल तर त्याच्याकडे बघून म्हणा, "दादा, त्या तीन दिवशी धाकट्याला तू बघशील ना?" चारचौघांत विचारलं की तो नाही म्हणत नाही. धाकट्या भावंडाला मैदानावर घेऊन यायची मुभाही द्या. आमच्याकडे कडेच्या लिंबाखाली एक सतरंजी कायम असते आणि तिच्यावर दोन-तीन पिल्लं खेळत असतात. सरावात त्यांचा अडथळा होतो, पण ती मुलगी संघात टिकते.

आक्षेप ठरलेले असतात. "उन्हात काळी पडेल", "पाय मोडला तर लग्नाचं काय", "मोठी झाली आता, चांगलं दिसत नाही". वाद घालायला जाऊ नका, पण कमीपणाही घेऊ नका. पाय मोडण्याच्या भीतीला उत्तर म्हणून मैदान कसं साफ करतो, सरावाआधी अंग कसं गरम करतो, लागलं तर कुठल्या दवाखान्यात नेणार, हे नेमकं सांगा. "चांगलं दिसत नाही" यावर सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे त्या आजीलाच सराव बघायला बोलावणं. आजींनी त्यांच्या काळात माहेरी सूरपारंब्या, झिम्मा, फुगड्या भरपूर खेळलेल्या असतात. एकदा मैदानावर येऊन बसल्या की "अगं वाक ना, वाक!" म्हणून त्याच ओरडायला लागतात.

नोकरीचं आमिष मात्र दाखवू नका. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, हे खरं आहे आणि विचारलं तर सांगावं. पण त्यासाठी ठरावीक पातळीपर्यंत खेळावं लागतं आणि तिथवर थोड्याच पोचतात. त्या आशेवर पाठवलेली मुलगी पहिल्या पराभवानंतर घरी बसवली जाते. पोरगी धडधाकट होईल, चार माणसांत बोलायला शिकेल, हरल्यावर उभी राहायला शिकेल, हे सांगा. त्यातलं प्रत्येक अक्षर खरं ठरतं.

पहिला महिना मैदानावर

पहिल्या दिवशी सामना लावू नका. सामना लावला की पटापट पळणाऱ्या चौघी चमकतात आणि बाकीच्या बाद होऊन कडेला बसतात. त्या कडेला बसलेल्या मुली पुन्हा येत नाहीत. पहिले दोन आठवडे असेच खेळ घ्या ज्यात कोणी बाहेर बसत नाही. साखळी-पकड घ्या, ओढणीची शेपटी कमरेला खोचून ती पळवायचा खेळ घ्या, जोडीने पळण्याच्या शर्यती घ्या. सरावाच्या सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून मैदानावरचे खडे, काचा, बाभळीचे काटे वेचायचे. त्यातून मैदान साफ होतं आणि ते आपलं वाटायला लागतं.

मग बसणं शिकवा. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी दोन खुंटांना जोडणाऱ्या मधल्या पट्ट्यावरच्या, म्हणजे मधल्या पाटीवरच्या चौकोनांत एकीआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात आणि नववी खुंटापाशी उभी असते. बसायचं ते पूर्ण टेकून नाही. पायाचे चवडे रोवलेले, हात जमिनीला हलके टेकलेले, वजन पुढे आणि नजर पळणाऱ्या मुलीवर. नवीन मुलगी मांडीवर सैल बसते आणि खो मिळाल्यावर उठायला वेळ लावते. तिच्यासमोर बसून दाखवा, टाच कुठे आणि गुडघा कुठे ते हाताने दाखवा. रोज दहा-बारा वेळा नुसतं बसायचं आणि टाळीसरशी उसळून तीन पावलं पळायचं. कंटाळवाणं आहे, पण सगळा खेळ या उसळीवर उभा आहे.

त्यानंतर खो देणं. बसलेल्या मुलीच्या मागून, पाठीवर तळहाताचा स्पर्श आणि त्याच क्षणी मोठ्याने "खो!" स्पर्श आणि आवाज दोन्ही एकदम. इथेच नव्या मुली सगळ्यात जास्त अडखळतात, आणि अडतो तो हात नाही, अडतो आवाज. पोरीच्या जातीने हळू बोलावं, हसताना तोंडावर हात धरावा, हे लहानपणापासून अंगात इतकं मुरलेलं असतं की भर मैदानात ओरडायचं म्हटल्यावर त्यांचा गळाच बसतो. पुटपुटल्यासारखा "खो" येतो आणि बसलेलीला कळतच नाही. यासाठी वेगळा सराव घ्या. मैदानाच्या दोन टोकांना दोन रांगा उभ्या करा आणि एकीने दुसरीला नावाने हाक मारून "खो" म्हणायचं, पलीकडे ऐकू जाईपर्यंत. पहिल्या दिवशी सगळ्या लाजतात, खिदळतात. पंधरा दिवसांनी आवाज रस्त्यापर्यंत जातो. माझ्या मते पहिल्या महिन्यातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण हेच. मैदानावर मोकळा झालेला आवाज वर्गातही मोकळा होतो आणि एसटीत कोणी धक्का मारला तर तिथेही.

नियम एकेक करून सांगा. पाठलाग करणारीने मधली पाटी ओलांडायची नाही आणि एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागे वळायचं नाही. पळणारीला मात्र कुठूनही जायची मुभा. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीने आत येतात. मोठ्या गटात एक पाळी नऊ मिनिटांची असते, पण सुरुवातीला तीन-चार मिनिटांच्या पाळ्या पुरेत. खुंटावरचा सूर आणि जमिनीवरचा सूर टीव्हीवर बघून मुली लगेच मागतात. दोन-तीन महिने थांबवा. आधी मऊ मातीवर किंवा गवतावर नीट पडायला शिकवा.

गुडघ्यांकडे खास लक्ष द्या. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती मुलांपेक्षा जास्त आढळतात. उडी मारून उतरताना किंवा झटकन वळताना गुडघे आतल्या बाजूला झुकत असतील तर तिथेच थांबवून दुरुस्त करा. गुडघा वाकलेला आणि पायाच्या बोटांच्या रेषेत हवा. उठाबशा, एका पायावर तोल, पुलासारखं कंबर उचलणं, असे व्यायाम रोज दहा-पंधरा मिनिटं घेतले तर बऱ्याच दुखापती टळतात.

कपडे, मासिक पाळी, खाणं

कपड्यांबद्दल हट्ट धरू नका. ट्रॅक पॅन्ट आणि सैल टी-शर्ट यात सगळ्यांची सोय होते. कोणी सलवार-कुडत्यात आली तर ओढणी कमरेला घट्ट बांधून खेळू द्या. डोक्यावर रुमाल बांधून खेळणाऱ्या मुलीलाही कोणी काही बोलणार नाही, हे तुम्हीच बघा. गणवेश ठरवताना मुलींना विचारा. पांढऱ्या पॅन्टचा गणवेश मुलींसाठी कधीही शिवू नका. का, ते कोणतीही मुलगी सांगेल, फक्त तिला विचारायला हवं. आतल्या कपड्यांचा विषय ताईंनी काढावा. घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा नसल्यामुळे पळायला लाजणाऱ्या मुली खूप असतात, आणि ही गोष्ट त्या आपण होऊन कधीच बोलत नाहीत.

पाळीच्या दिवसांत खेळलं तर काही बिघडत नाही. खेळायचं की नाही हे त्या दिवशी मुलीने ठरवायचं. पोटात फार दुखत असेल तर गुणलेखन करावं, मोकळं वाटत असेल तर पळावं. मैदानाच्या पेटीत बँडेजशेजारी सॅनिटरी पॅड, जुनं वर्तमानपत्र आणि एक जादा पॅन्ट ठेवा. कोणाला न विचारता घेता येईल अशी ठेवा. पुरुष प्रशिक्षक असतील तर त्यांनीही पहिल्याच बैठकीत हे सरळ आवाजात सांगावं. एकदा सरांनी न लाजता सांगितलं की विषय सोपा होतो.

खाण्याचा प्रश्न मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. तुमच्या संघातल्या निम्म्या मुलींना दम लवकर लागत असेल तर त्याचं कारण आळशीपणा नसून हिमोग्लोबिन असू शकतं. उपकेंद्रातल्या नर्सताईंना बोलावून तपासणी करून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खातात का, की दप्तराच्या तळाशी टाकतात, ते विचारा. सरावानंतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा भिजवलेले हरभरे, एवढं तरी पोटात गेलं पाहिजे. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, हे घरी सांगायला लावा. आणि एखादीची पाळी सुरू झाल्यावर पुढे सलग तीन महिने आलीच नाही, तर तिला डॉक्टरांकडे न्या. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलींत हे घडतं.

सुरक्षिततेचे नियम, पहिल्या दिवसापासून

हे नियम लेखी करा आणि पालकांना वाचून दाखवा. कोणत्याही मोठ्या माणसाने एका मुलीला एकटीला खोलीत, गाडीवर किंवा सरावानंतर थांबवून घ्यायचं नाही. कौशल्य शिकवताना हात लावायची गरज असेल तर आधी सांगायचं, विचारायचं, आणि सगळ्यांसमोर. मुलींना वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत. सूचना गटावर, आणि त्या गटात पालक किंवा ताई असणारच. बाहेरगावच्या स्पर्धेला एक तरी बाईमाणूस सोबत पाहिजेच, मुक्काम असेल तर मुली आणि ताई एकाच खोलीत.

तक्रारीची वाट मुलींना माहीत असायला हवी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची ठिकाणं यांनाही लागू होतो. जिथे तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती नाही तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलीबाबत २०१२ चा पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आहे, आणि प्रकार कळल्यावर तो पोलिसांना कळवणं हे तुमच्यावर बंधनकारक आहे. गावात बसून मिटवायचा अधिकार कोणालाच नाही. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. हे सगळं सांगितल्याने पालक घाबरतील असं काहींना वाटतं. माझा अनुभव उलट आहे. ज्यांनी आधीच विचार केलाय त्यांच्याकडे लोक मुली निर्धास्त पाठवतात.

पहिली स्पर्धा

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते आणि नोंदणी शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे करावी लागते. जूनमध्येच त्या कार्यालयात किंवा तालुका क्रीडा संकुलात जाऊन वेळापत्रक विचारा. जन्माचा दाखला, आधार कार्ड, बोनाफाईड, फोटो यांची फाइल प्रत्येकीची तयार ठेवा. जन्मतारखेत किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तो आताच दुरुस्त करा. कागदावरून बाद झालेली मुलगी फार दुखावते. शाळा सोडलेल्या किंवा कॉलेजबाहेरच्या मुलींसाठी जिल्हा खो-खो संघटनेच्या स्पर्धा असतात. केंद्र सरकारच्या खेलो इंडियाखाली फक्त मुली-महिलांसाठी 'अस्मिता' लीग घेतल्या जातात. आपल्या जिल्ह्यात कोणत्या खेळाची होतेय ते क्रीडा कार्यालयात कळेल.

पहिल्या स्पर्धेआधी शेजारच्या गावाच्या संघाबरोबर दोन मैत्रीचे सामने खेळा, एक त्यांच्या मैदानावर आणि एक आपल्या. आपल्या मैदानावरच्या सामन्याला आया, आज्या, सरपंचबाई सगळ्यांना बोलवा. नारळ फोडायचा मान एखाद्या खेळाडूच्या आईला द्या.

पहिल्या स्पर्धेत बहुधा हराल. परतीच्या गाडीत कोणाची चूक यावर चर्चा करायची नाही, हा नियम ठेवा. दुसऱ्या दिवशी मैदानावर बसून प्रत्येकीने दुसरीचं एक चांगलं सांगायचं आणि स्वतःचं एक सुधारायचं सांगायचं.

शिट्टी मुलींच्या हातात

माझा सगळ्यात जास्त जीव या भागात आहे. मुली खेळायला लागल्या, पण शिट्टी, वही, किल्ली आणि निर्णय सगळे पुरुषांच्या हातात राहिले, तर तुम्ही गेलात की संघही जाईल. पहिल्याच महिन्यापासून कामं वाटून द्या. मैदानाची किल्ली एकीकडे, हजेरी दुसरीकडे, पेटी तिसरीकडे. कर्णधारपद पहिल्या वर्षी दर महिन्याला बदला. गप्प राहणाऱ्या मुलीलाही महिना मिळाला पाहिजे, आणि तिच्या महिन्यात तुम्ही मध्ये बोलायचं नाही. आठवड्यातला एक सराव संपूर्णपणे मुलींनी घ्यायचा. तुम्ही लिंबाखाली पोरं सांभाळत बसा.

सरावाच्या सामन्यात पंच आणि गुणलेखक मुलीच असू द्या. निर्णय चुकला तरी बदलू नका, सामना संपल्यावर समजावून सांगा. ज्यांना यात गोडी लागेल त्यांना अठरा पूर्ण झाल्यावर संघटनेच्या पंच परीक्षेला बसवा. गावची मुलगी काळी पॅन्ट, पांढरा शर्ट घालून जिल्ह्याच्या मैदानावर शिट्टी वाजवते, तेव्हा तिच्या मागच्या दहा मुलींना नवी वाट दिसते. प्रशिक्षक व्हायचं असेल तर शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम आहेत.

मुलींना नावं माहीत असू द्या. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण जिंकलं. घरची परिस्थिती अशी, की कित्येक वर्षं दिवसातून एकच वेळचं जेवण मिळायचं, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या. म्हणजे ज्या कार्यालयाच्या दारात आपण अर्ज घेऊन उभे राहतो, त्या कार्यालयातल्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. दुसरं नाव नाशिकच्या शैलजा जैन यांचं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी कबड्डीत भारताला हरवून सुवर्ण घेतलं, आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या शैलजाताई. आपल्या मातीतली बाई परक्या देशात जाऊन, परक्या भाषेत शिकवून संघ घडवते. हे मुलींना जरूर सांगा.

संघटनांमध्ये बसायला बायकांनी मागेपुढे बघू नये. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला असणं बंधनकारक केलंय. गावातल्या क्रीडा मंडळालाही तीच अपेक्षा लावा. तुमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत खेळाडूंच्या दोन आया आणि एक माजी खेळाडू असेल, तर शौचालयाच्या कडीचा विषय प्रत्येक बैठकीत निघतो, आणि शेवटी कडी बसते.

दहावी आणि त्यापुढे

दहावीचं वर्ष आलं की "आता खेळ बंद" असं बहुतेक घरांत ठरतं. तुम्ही आधीच पुढे होऊन सांगा की दहावीच्या मुलींचा सराव आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास. पूर्ण सुटलेली मुलगी परत येणं अवघड असतं, आणि अर्ध्या तासाने कोणाचे गुण कमी होत नाहीत. मैदानाच्या ओट्यावर सरावाआधी अभ्यासाला बसायची सोय केली, मोठीने धाकटीचं गणित घेतलं, तर घरचे स्वतःहून पाठवतात.

कॉलेजला गेलेल्या, लग्न होऊन गावात आलेल्या, शिलाईकाम करणाऱ्या बायकांसाठी रविवारची सकाळ राखून ठेवा. त्यांना स्पर्धा नको असते, एक तास मोकळं पळायचं असतं. साडी खोचून, अनवाणी, हसत-ओरडत. मकर संक्रांतीनंतर गावात हळदी-कुंकू सुरू होतं, तेव्हा मैदानावरच हळदी-कुंकू ठेवा. विधवा, परित्यक्ता, सगळ्यांना बोलवा, वाण म्हणून शिट्ट्या द्या आणि त्यानंतर लेकी विरुद्ध आया असा सामना लावा. आयांना तीन मिनिटांची पाळी पुरे. त्या सामन्यानंतर पुढच्या वर्षीची नावनोंदणी तिथेच, त्याच टेबलावर घ्या, आणि वही लिहायला संघातल्या मुलींनाच बसवा.